खो मिळाला तेव्हा

चामटोलीच्या संध्याला खो-खोचं वेड सातवीत लागलं. उल्हासनगरच्या कॉलेजात प्रवेश मिळाला तोही खेळाच्या जोरावर. सकाळी सहाला ग्राउंड, मग लेक्चर, संध्याकाळी पुन्हा ग्राउंड. घरी पोचेपर्यंत जेवायची इच्छाच मेलेली असायची. रविवारी मॅच.

जानेवारीत आंतरमहाविद्यालयीन फायनलला ती तीन मिनिटं दहा सेकंद नाबाद राहिली. पोरींनी तिला खांद्यावर घेतलं. वरून तिला प्रशिक्षक नरेंद्र सर शिट्टी फुंकत नाचताना दिसले. आनंद व्हायला हवा होता. आत काहीच हललं नाही. तिची आई बकुळा अंबरनाथच्या कंपनीत पॅकिंगला. तिने येताना पेढे आणले. संध्याने दोन खाल्ले. गोड लागले, बस्स.

"तुझं काही बिनसलंय का गं?" संघातल्या प्रीतीने विचारलं.

"नाही. दमलेय."

दमलेय म्हणावं, तर झोपून उठल्यावरही तसंच. डबा ती आता एकटीच खायची, तोही अर्धा.

फेब्रुवारीत विद्यापीठाच्या संघाची निवड चाचणी होती. आदल्या आठवड्यात सरावाला ती चौकोनात बसलेली. मागून प्रीती आली, पाठीवर हात पडला, "खो!" संध्या बसूनच राहिली.

"संध्या, झोपलीस काय?" सर ओरडले.

"ऐकू आलं सर. उठावंसं वाटलं नाही."

सरांना तो माज वाटला. त्यांनी तिला बाहेर बसवलं. तिला त्याचंही काही वाटलं नाही. सराव संपल्यावर प्रीतीच सरांकडे गेली आणि डब्यापासून सगळं सांगून आली. सर संध्याशेजारी मातीत येऊन बसले.

"शेवटची सुट्टी कधी घेतलीस?"

ती आठवत राहिली. "गणपतीत, सर. दीड दिवस."

 वेळापत्रक त्यांनीच बनवलेलं होतं.

"चुकलं माझं," ते म्हणाले. "महिनाभर ग्राउंडवर यायचं नाही. आणि शुक्रवारी समुपदेशक मॅडम येतात, त्यांना भेट."

"आणि चाचणी?"

"राहू दे."

चाचणी हुकली. दुसरी कुणी रडली असती. संध्याला रडू आलं नाही, आणि येत नाही याचीच थोडी भीती वाटली. पहिल्या शुक्रवारी ती मॅडमना तेवढंच सांगू शकली. बाकी वेळ पंख्याकडे बघत बसली. मॅडमनी घाई केली नाही.

महिन्याचे चार महिने झाले. जूनपासून ती परत खेळते, आठवड्यातून चार दिवस. सरांनी दर सोमवारी सगळ्यांनाच सुट्टी दिली. विद्यापीठाच्या संघात ती पुढेही गेली नाही.

"बरं वाटतंय ना आता?" आई विचारते.

"कधी वाटतं, कधी काहीच नाही," संध्या खरं तेच सांगते.

आई ताटात भाकरी वाढते. भूक लागलेली असते. ती खाते.