सुक्या गोदीतली गाठ

जी गोष्ट मी बायकोला सांगितली नाही आणि आईला तिच्या शेवटच्या आजारातही सांगितली नाही, ती इथे लिहितो आहे. माझ्या सोबत्याचा पाय मोडला तो माझ्या हातून. तो समजतो, स्वतःच्या हातून मोडला. त्याचा हा समज मी इतकी वर्षं तसाच राहू दिला.

आमची वस्ती वेल्ह्यापासून वर, तोरण्याच्या अंगाला. घरं गवताची. दर वैशाखात छपरं नव्यानं शाकारायची, आणि ते काम एकट्यादुकट्याचं नाही, सगळी वस्ती आज याच्या घरावर, उद्या त्याच्या. गवत कुणीही पसरावं, वासे कुणीही आवळावेत, पण आढ्यावरची शेवटची गाठ मात्र एकाच माणसानं मारायची अशी आमच्यात रीत आहे. त्या गाठीवर चार महिन्यांचा पाऊस आणि वारा झेलायचा असतो. ज्याच्या हाताचा सगळ्यांना भरवसा, त्यालाच वर बोलावतात. माझ्या सोबत्याला मिसरूड फुटायच्या आधीपासून बोलावत होते. म्हातारी माणसं खाली उभी राहून मान वर करायची आणि हा वर मांडी घालून बसल्यासारखा आढ्यावर बसलेला.

बांधायला आम्ही दोर वापरत नाही. रानातल्या झाडांची साल सोलून आणतो, ओढ्यात भिजत घालतो आणि ओलीच बांधतो. साल वाळली की आखडते आणि लाकडाला चावा घेऊन बसते. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मी हे मुद्दाम सांगतो आहे, कारण पुढचं सगळं त्यातूनच घडलं.

मी भोरला राहून सातवी पास झालो होतो. पास झालो म्हणजे आता खुर्चीत बसायचं असं घरात सगळ्यांना वाटलं, मलाही वाटलं. खुर्ची काही मिळेना. घरात हात पुष्कळ आणि खाचरं थोडी, त्यामुळे लावणीला माझ्यावाचून अडणारही नव्हतं. सोबत्याचंही तेच. आमच्या बाजूची काही माणसं पावसाळ्यात मुंबईला गोदीत जायची. पावसाळ्यात दर्या खवळला की कोकणात उतारू नेणाऱ्या आगबोटी बंद होतात आणि एकेक करून सुक्या गोदीत डागडुजीला येतात. नारळी पुनवेच्या सुमाराला दर्या उघडायचा, तोवर बोट नवी नवरी होऊन बाहेर पडली पाहिजे. त्या एका ज्येष्ठात आम्ही दोघं नसरापूरपर्यंत चालत गेलो आणि तिथून पुढं.

सुकी गोदी म्हणजे काय ते आधी कळलंच नव्हतं. दगडी पायऱ्यांची एक प्रचंड विहीर समजा, पण लांबट, आणि एका टोकाला दर्याकडे उघडणारं दार. बोट आत घेतात, दार लावतात आणि पंपानं पाणी उपसतात. पाणी खाली खाली जातं तशी बोट मधल्या लाकडी ठोकळ्यांवर बसते, आणि दोन्ही बाजूंनी तिला मोठमोठ्या वाशांचे टेकू देतात. तळाच्या चिखलात मासे तडफडत असायचे. ते धरायला कामगारांची झुंबड उडायची. आम्ही डोंगरातली माणसं, आम्हाला तो वास सहन होईना.

बोटीचं पोट पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला लाज वाटल्यासारखं झालं. दुसऱ्याच्या घरातलं न बघायचं ते बघितल्यासारखं. वर पांढरीशुभ्र, पितळी कठडे, आणि खाली हिरवं शेवाळ आणि लाखो शिंपले चिकटलेले. सोबती बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "म्हशीला बी उन्हाळ्यात एकदा घासावं लागतंच की. चल."

खालची माणसं पोट खरवडायची. आम्हाला बाजूचं काम मिळालं. वरच्या कठड्याला दोन दोर बांधून एक फळी सोडायची, तिच्या दोन टोकांना दोघांनी बसायचं, जुना रंग आणि गंज खरवडायचा आणि शेंदरी रंग द्यायचा. एक पट्टा झाला की फळी खाली घ्यायची. मुकादम सातारकडचा होता, तोंडानं फटकळ. पहिल्याच दिवशी त्यानं नियम सांगितला. ज्या टोकाला जो बसणार, त्या टोकाची गाठ त्यानंच मारायची. दुसऱ्याच्या गाठीला हात लावायचा नाही. "पडलास तर सोताच्या गाठीनं पड," तो म्हणाला. "दुसऱ्याच्या नावानं बोंबलायला हितं कुनाला येळ न्हाई."

आम्ही लोंबकळत असताना आतल्या खोल्यांतलं सामान बाहेर निघत असायचं. वरच्या वर्गाच्या गाद्या, पडदे, वेताच्या खुर्च्या, माणूसभर उंचीचे आरसे. सुतार, रंगारी, गादीवाले यांची नुसती गर्दी. एकदा धक्क्यावर काढून ठेवलेल्या मखमली खुर्चीत सोबती जाऊन बसला आणि मला म्हणाला, "गुरुजी, आता आमाला कुठं उतरायचं ते सांगा. रत्नांग्री का हर्णै?" सातवी पास म्हणून तो मला तेव्हापासूनच गुरुजी म्हणायचा. मुकादमानं त्याला हाकललं, पण हसला तोही.

माझ्या गाठीवरून तो मला फार छळायचा. "तुझी गाठ म्हंजी सासरी निघाल्याली पोर," म्हणायचा. "मागं बघत बघत सुटती." दोर हातात आला तेव्हा पहिल्या दिवशी मी सवयीनं त्याचं टोक पाण्यात बुडवायला गेलो. त्यानं माझं मनगट धरलं. "ही साल न्हवं लेका. साल वाळली की आवळती. दोर वाळला की सैल पडतो. हितं कोरडाच बांधायचा." मी मान हलवली. मला ते कळलं होतं. न कळता झालं असतं तर आज मला हे लिहावं लागलं नसतं.

आषाढातली सकाळ होती. बरेच दिवस धरलेला पाऊस नुकता उघडला होता. सोबती रंगाचा डबा भरून आणायला खाली गेला होता. मी कठड्याशी उभा होतो. मुकादम खालून ओरडला, "फळी तिरकी हाय. त्याची बाजू वर घे." मी म्हणालो, तो येतोय. "तो येऊंदे न्हाईतर त्याचा बाप येऊंदे, आधी फळी सरळ कर."

एवढं ओरडून मुकादम बोटीच्या दुसऱ्या अंगाला निघून गेला. मी सोबत्याची गाठ सोडली. दोराचं टोक वाळलेल्या रंगानं काठीसारखं ताठ झालं होतं, वळेना. शेजारी पाण्याची बादली होती. मी टोक बादलीत बुडवलं, मऊ करून घेतलं आणि फळी वर ओढून गाठ मारली. चांगली घट्ट बसली. त्या घट्टपणाचं मला बरंही वाटलं. हात आपलं काम आमच्या डोंगरातल्या रितीनं करून मोकळा झाला होता, आणि डोकं कुठं होतं ते मला सांगता येत नाही.

सोबती आला. त्यानं वाकून फळीकडे बघितलं आणि सरळ दिसली म्हणून खाली उतरून बसला. त्या वेळी मी एवढंच म्हणायचं होतं: तुझी गाठ मी बदलली आहे, बघून घे. म्हणालो नाही. तो बघणार, ओली गाठ बघून हसणार, सोडून पुन्हा बांधणार आणि जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना सांगणार, एवढ्याचीच मला भीती होती. आणखी काही नाही. एका थट्टेपायी मी गप्प बसलो.

दुपारी कडक ऊन पडलं. सकाळचाच पट्टा चालू होता, फळी अजून खाली घेतली नव्हती. बोटीचं लोखंड हात लावू देईना. सगळे खूश होते, रंग लवकर वाळणार म्हणून. सोबती पुढे झुकून एक खपली काढत होता. मग त्याची बाजू एकदम खाली गेली. मी माझा दोर धरून लोंबकळलो. तो गेला. खाली दगड होता.

मला वर ओढून घेतलं आणि मी पायऱ्यांवरून धावत खाली पोचलो तेव्हा लोक त्याच्याभोवती जमले होते. शुद्धीत होता. पाय गुडघ्याच्या वर वेडावाकडा वळला होता. मुकादमानं विचारलं, "बाजू कुणाची व्हती?" मी तोंड उघडलं होतं, हे मी शपथेवर सांगतो. पण त्याआधी सोबतीच बोलला. "माझी. गाठ माझीच." मग त्यानं माझ्याकडे बघून विचारलं, "तुला लागलं न्हाई न्हवं?"

मी न्हाई म्हणालो. त्या दिवशी मी तेवढंच बोललो.

तो इस्पितळात पडून असताना बोट पाण्यात गेली. दार उघडून गोदीत पाणी घेतलं, ती ठोकळ्यांवरून अलगद सुटली, पताका लावल्या, नारळ फुटला. नव्या पडद्यांमागे नवे उतारू बसणार होते. मी धक्क्यावर उभा राहून ते बघितलं. तिला लागलेला सगळा गंज आम्ही काढून टाकला होता.

सोबत्याला वेल्ह्यापर्यंत बैलगाडीतून आणि तिथून वर डोलीत घालून आणलं. पाय जुळला तो आखूड होऊन. त्याची बायको माझ्या पाया पडायला वाकली आणि म्हणाली, "भावजी, तुमी संगं व्हता म्हनून ह्ये परत आले." मी दोन पावलं मागे सरलो. तिला वाटलं, मी संकोचलो.

पाय आखूड झाला म्हणून माणूस आढ्यावर चढू शकत नाही असं नाही. आमच्याकडे त्याहून अधू माणसं चढतात. पुढच्या वैशाखात त्याला रीतीप्रमाणं हाक आली. तो आला, खाली उभा राहिला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "ज्या हातानं मलाच खाली टाकलं, त्या हातावर दुसऱ्याचं छप्पर कसं ठिवू? दुसरं कुनी बघा." वडीलधाऱ्यांनी समजावलं. ऐकला नाही. मग कुणीतरी म्हणालं, ह्यो व्हता की संगं, ह्याची गाठ टिकली, ह्याला चढवा. ह्यो म्हणजे मी. आणि मी चढलो.

तेव्हापासून वस्तीतल्या प्रत्येक आढ्यावरची शेवटची गाठ माझी असते. पुढे मला शाळेत मास्तराची नोकरी मिळाली, तो म्हणायचा तसा मी खरंच गुरुजी झालो, पण वैशाखाच्या सुट्टीत मला वर बोलावतातच. तो शेरडं राखतो. वस्तीतली पोरं गाठी शिकायला माझ्याकडे येतात. त्याचा स्वतःचा मुलगाही येतो, कारण बाप त्याला शिकवत नाही. शेरडाच्या गळ्यातली दोरीसुद्धा तो बायकोकडून बांधून घेतो. लोकांना ती थट्टा वाटते. मला ठाऊक आहे, ती थट्टा नाही.

यंदा त्याच्या घराची शाकारणी होती. मी वर, तो खाली काठीवर रेलून. गाठ मारून मी उतरलो तेव्हा मुलं गवत गोळा करत होती, जवळ कुणी नव्हतं. त्यानं विडी पेटवली आणि म्हणाला, "गुरुजी, एक इचारू? तुमी तिथं व्हता. म्या कुठं चुकलो?"

इतक्या वर्षांत त्यानं हे कधी विचारलं नव्हतं. मी म्हणालो, "दोर जुना होता. कुजला असंल."

तो मान हलवत राहिला. "दोर म्या सकाळीच बघितला व्हता. चांगला व्हता. म्या रोज ती गाठ मनात मारतो, पार शेवटापत्तुर. दर येळी ती बसती. मंग सुटली कशी, त्येच कळंना." मग माझ्याच पाठीवर हात ठेवून म्हणाला, "ऱ्हाऊंद्या. तुमी कशाला मनाला लावून घेता. चला, भाकरी खाऊ."

मी त्याच्या घरात गेलो आणि भाकरी खाल्ली.

त्याला वाचता येत नाही. मी हे लिहून काढलं म्हणजे त्याला सांगितलं असं होत नाही, हे मला कळतं. त्याची गाठ सुटली नव्हती. ती मी सोडली होती आणि माझी बांधली होती. हे त्याच्यासमोर, त्याच्या बायकोमुलांसमोर आणि ज्या वस्तीनं त्याच्या जागी मला वर चढवलं तिच्यासमोर माझ्या तोंडानं सांगणं, हे मी त्याचं देणं लागतो. अजून सांगितलेलं नाही.