अक्काच्या मापाचे बूट

दुपारी मशीनवर एका ब्लाऊजला बाही जोडत होते, तेव्हा फोन वाजला. रमेशचा होता. रमेश म्हणजे नशिराबादजवळ अक्काचं जे ट्रॅक्टर-ट्रॉलीचं वर्कशॉप आहे, तिथला जुना वेल्डर. त्याचा फोन मला सहसा येत नसे. दुपारी यायचा तो अक्काचा, आणि तिच्या बोलण्यामागे ग्राइंडरची घरघर असायचीच. त्या दिवशी मागे काहीच आवाज नव्हता. "काकू..." एवढं म्हणून तो थांबला. मी काही विचारलं नाही. विचारलं नाही तर तो सांगणार नाही, असं काहीतरी वेडं मनात आलं असावं. "काकू, अक्का गेल्या. खुर्चीत बसेल होत्या. मी चहा घीसन आलो, तर..." सुई बाहीत तशीच रुतून राहिली. मी आणि आमचे हे लगेच धुळ्याहून जळगावकडे निघालो.

कमलअक्का माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, माझी नणंद. तोंडावर मी तिला कायम अहोजाहो केलं, पण मनात ती एकेरीच होती आणि आता लिहितानाही तशीच येते आहे. माहेर शिंदखेडा तालुक्यातलं, त्यामुळे इतकी वर्षं जळगावकडे काढूनही तिची अहिराणी बोली काही सुटली नाही. तिच्या यजमानांना सगळे आबा म्हणतात. हायवेला लागून त्यांनी पत्र्याची शेड उभी केली, पुढे मोठं आवार ठेवलं आणि ट्रॉल्या बांधायला सुरुवात केली. धंदा चांगला चालला होता. मग एका सकाळी आबांची उजवी बाजू लुळी पडली. बोलणंही गेलं. पुढे थोडं परत आलं, पण एकेक शब्द लांबून ओढून आणल्यासारखा येई. एकुलती मुलगी लग्न होऊन सुरतेला. भाऊबंदांनी शेड विकायचा सल्ला दिला, आमच्या ह्यांनीही दिला. अक्कानं सगळ्यांचं ऐकून घेतलं, चहा पाजला आणि दुसऱ्या दिवशी पदर खोचून आवारात जाऊन उभी राहिली.

तोपर्यंत तिचं वर्कशॉपशी नातं म्हणजे जेवणाचे डबे आणि चहा. आता पत्रा मोजून घेणं, लोखंडी अँगल कापून घेणं, गिऱ्हाइकाशी बोलणं, गाडी आली की माल उतरवून घेणं, सगळं तिच्यावर आलं. आणि हे सगळं ती करायची पायात रबरी स्लिपर घालून. एकदा रमेश वेल्डिंग करत असताना एक ठिणगी उडाली ती नेमकी तिच्या पायाच्या आणि स्लिपरच्या पट्ट्याच्या मध्ये जाऊन बसली. स्लिपर झटकून फेकेपर्यंत कातडी जळाली होती. मी बघायला गेले तर पाय उशीवर, त्याला मलम, आणि ही बाई खाटेवरून आवारात सूचना देतेय. मी म्हटलं, "अक्का, बूट घ्या बरं आता." ती म्हणाली, "बूट? माले?" जणू मी तिला घोडा घ्यायला सांगत होते.

पण पाय बरा झाल्यावर ती खरोखर जळगावच्या बाजारात गेली. दुकानदारानं आधी लेडीज सँडल काढले. वेल्डिंगच्या कामाला हवेत म्हटल्यावर तो हसला, मग बोटांवर पोलादी टोपी बसवलेले बूट काढले, पुरुषांचे. त्यातला सगळ्यात लहान जोडसुद्धा तिला होडीसारखा मोठा. "दोन मोजे घाला, पुढे कापूस कोंबा, होईल बरोबर," असं म्हणून त्यानं तो तिच्या गळ्यात मारला. तिनं तसं केलंही. टाच आतल्या आत वरखाली व्हायची, फोड यायचे, आणि एके दिवशी बुटाचं रिकामं टोक वेल्डिंगच्या केबलीत अडकून ती तोंडावर पडली. मग कॅनव्हासचे बूट आणले. हलके, मऊ, पाय खूश. पण महिन्याभरात ठिणग्यांनी त्यांची चाळण झाली आणि सांडलेलं तेल पिऊन बुटांचा तळ गुळगुळीत झाला. मग गमबूट. ते पावसाळ्यात उपयोगी पडले, कारण आमच्याकडची काळी माती आवारात अशी धरते की चप्पल तिथेच राहते आणि पाय पुढे जातो. पण उन्हाळ्यात, पत्र्याच्या शेडखाली, गमबुटात पाय अक्षरशः शिजायचे. संध्याकाळी ती गमबूट उलटे करायची तर आतून घाम ओघळायचा. मी माझ्या परीनं जाड कापडाच्या गाद्या शिवून बुटात घालायला द्यायचे. एकदा फोनवर ती म्हणाली, "शोभा, हाई काम माले जमी जाई. पण दिवसभर उभं ऱ्हावाले पायच नही ऱ्हायनात तर काय करू?" तेव्हा पहिल्यांदा तिचा आवाज खचलेला वाटला. शेड बंद पडली असती तर ती आबांच्या आजारपणामुळे किंवा भाऊबंदांमुळे नव्हे, तिच्या पायांमुळे पडली असती.

तिला मी धुळ्याला बोलावून घेतलं. आम्ही दोघी बाजारभर हिंडलो. प्रत्येक ठिकाणी तेच... "बाईमाणसाचं माप येत नाही." शेवटी एका दुकानदारानं सांगितलं की नरडाण्याला जा, तिथे एमआयडीसीतल्या कामगारांसाठी असले बूट विकणारं दुकान आहे. दुसऱ्या दिवशी आम्ही बसनं नरडाणा गाठलं. दुकान म्हणजे एक अरुंद गाळा, छतापर्यंत खोके, आणि गल्ल्यावर एक म्हातारे गृहस्थ. अक्का दारातूनच म्हणाली, "नाना, पुरुषनं माप नको. मनं माप दाखाड."

नाना हसले नाहीत. त्यांनी आधी तिला स्टुलावर बसवलं आणि विचारलं, "काम काय करता?" ती सांगत गेली, ते ऐकत गेले. खाली तेल असतं का, कोबा आहे की माती, दिवसभर उभं राहावं लागतं की बसून. इतक्या दुकानांत फिरलो, पण काम कोणतं हे त्यांनीच पहिल्यांदा विचारलं. मग शिडी लावून वरून एक खोका काढला. जवळच्या एका कारखान्यात बायका कामाला लागल्या होत्या, त्यांच्यासाठी मागवलेल्या जोडांतला तो उरलेला होता. "घाई नको," ते म्हणाले, "सकाळी बसलेला बूट संध्याकाळी चावतो. पाय सुजलेला असताना घालून बघावा. तुम्ही आज हिंडून आलाय, बरं झालं." अक्कानं पिशवीतून कामाचे जाड मोजे काढून घातले. नाडी न बांधता पाय पुढे सरकवायला लावून त्यांनी टाचेमागे बोट जातं का पाहिलं. मग नाडी बांधून चालायला लावलं. टाच उचलली जात नव्हती. अक्का गाळ्यात दोन फेऱ्या मारून आली आणि कुणी सांगायच्या आत, भर दुकानात, लुगडं सावरून उकिडवी बसली. वेल्डिंगला बसतात तशी. पोलादी टोपीची कड बोटांवर टोचते का, हे तिला बघायचं होतं. बाहेरून जाणारे दोघंतिघं थबकले. तशीच बसून तिनं माझ्याकडे वर पाहिलं. इतकी वर्षं झाली, तो चेहरा डोळ्यांपुढून हलत नाही. "शोभा," ती म्हणाली, "टोचत नही वं."

तिची जळगावकडची पॅसेंजर यायला वेळ होता. नरडाण्याच्या फलाटावर आम्ही बाकावर बसलो, कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी आणि ठेचा सोडला. नवे बूट तिनं खोक्यात परत ठेवलेच नव्हते. पाय पुढे पसरून ती त्यांच्याकडे बघत जेवत होती. मग तिनं मला कधी न सांगितलेलं सांगितलं. लहानपणी मुलींना बाजारात नेत नसत. वडील बाजाराला निघाले की आई तिचा पाय जमिनीवर ठेवून काडीनं माप घ्यायची, तेवढी काडी मोडून वडिलांच्या खिशात घालायची आणि म्हणायची, वाढतं माप आणा. चप्पल यायची ती कायम मोठी. ती पायात बसायला लागेपर्यंत चपलेचा अंगठा तुटायचा. लग्नानंतर आबा आणायचे, अंदाजानं. "आबा बिचारा चांगला शेतस," ती म्हणाली, "पण चप्पल पायले लागस का, हाई माले कोनी इचारंच नही कधी. आज पह्यल्यांदा मना पाय दुकानमा गयात." हे सांगताना ती हसत होती. मी माझ्यातली अर्धी भाकरी तिच्यापुढे सरकवली. गाडी आली तेव्हा ती इतक्या सहज डब्यात चढली, की हात द्यायला पुढे केलेला माझा हात तसाच राहिला.

त्यानंतर अक्काला मी थकलेली पाहिली, पण खचलेली पाहिली नाही. पुढे वेल्डिंगही शिकली. मी तिला खाकी कापडाची सलवार आणि लांब बाह्यांचा सदरा शिवून दिला. एका लग्नाला ती शेडवरच लुगडं बदलून थेट आली, घाईत पायात बूट तसेच. जरीच्या काठाखालून ते काळे बूट दिसले आणि बायकांची कुजबुज सुरू झाली. मी कानात सांगितलं, तर म्हणाली, "हासू दे बठ्ठासले. पाय मना शेतस." पाय माझे आहेत, एवढंच उत्तर, आणि ती पंगतीत वाढायला उठली. ज्या हसल्या होत्या, त्यांच्यातलीच एक जाताना माझ्यापाशी येऊन हळूच विचारून गेली, कुठे मिळतात गं हे? मळ्यात पाण्याच्या बाऱ्याला, वाफ्यांत पाणी वळवताना, बरे पडतील.

एकदा ट्रॉलीचा फाळका, म्हणजे बाजूचा जड पत्रा, साखळीतून निसटून तिच्या पायावर आला. रमेश सांगतो की आवाज ऐकूनच त्यानं डोळे मिटून घेतले. बुटाची टोपी चेपली, आत पायाला नुसती सूज. त्याच दुपारी तिचा फोन. "शोभा, बोटे मोजी लिनू. बठ्ठा शेतस!" सगळी बोटं शाबूत होती. आणि मग ती इतकी हसत सुटली, की मला रडू आलं. पुढच्या आठवड्यात नव्या जोडासाठी आम्ही परत नरडाण्याला गेलो. तेव्हाही तिथे उकिडवं बसणं आलंच, आणि फलाटावरचं जेवणही. दर वेळी बूट झिजले की ती कळवायची, आणि मला आतून आनंद व्हायचा, कारण त्या निमित्तानं एक अख्खा दिवस ती माझी असायची.

गेली दोन वर्षं तिचं हृदय कमजोर झालं होतं. डॉक्टरांनी काम बंद सांगितलं. काम तिनं कमी केलं, पण रोज आवारात एक फेरी सोडली नाही. पाय सुजायचे, नाडी शेवटपर्यंत सैल करावी लागायची. संक्रांतीनंतर मी गेले, ती आमची शेवटची भेट. फेरीला निघायचं होतं आणि तिला वाकता येईना, दम लागत होता. मी खाली बसले आणि नाडी हातात घेतली. तिनं पाय मागे ओढला. "तू नको वं." मी म्हटलं, "अक्का, इतकी वर्षं तुमच्या पाया पडतेय, नाडी बांधली तर काय बिघडलं?" मग तिनं पाय पुढे केला. तोल जाऊ नये म्हणून माझ्या डोक्यावर हात ठेवला. जड, खरखरीत, लोखंडाचा वास येणारा हात... दोन्ही नाड्या बांधून झाल्या तरी मी उगीच गाठ नीट करत राहिले. तो हात तिथे आणखी थोडा वेळ राहावा, एवढ्यासाठी.

तेराव्यानंतर आमचे हे धुळ्याला परतले, मी आबांसाठी राहिले. रमेशनं शेड उघडली. अर्धवट पडलेल्या ट्रॉल्या पुऱ्या करायच्या होत्या. आबांची खाट आवारातल्या कडुलिंबाखाली टाकली होती, मी शेजारी बसून तांदूळ निवडत होते. तेवढ्यात फाटकाशी ट्रॅक्टर थांबला. सातपुड्याच्या बाजूचा कुणी शेतकरी, त्याला काही ठाऊक नसावं. तो तिथूनच ओरडला, "अक्का! वं अक्का! ट्रॉलीनं हूक तुटी गयं, देखा बरं जरासं!"

ग्राइंडर थांबला. रमेशनं माझ्याकडे पाहिलं. सांगायला कुणीतरी जायला हवं होतं. मी सूप खाली ठेवून उठले. आबांनी डाव्या हातानं स्वतः अक्काला अग्नी दिला होता. त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. पण मी पाऊल टाकायच्या आत ते खाटेवरून बोलले. एकेक शब्द ओढून आणत, पण फाटकापर्यंत ऐकू जाईल इतकं मोठ्यानं.

"बस, भाऊ. यी ऱ्हायनी... अक्का."

अक्का येते आहे म्हटल्यावर शेतकरी आत आला, टोपी काढून त्यानं कपाळ पुसलं आणि सावलीत बसला. रमेशनं हातातला ग्राइंडर खाली ठेवला. मी पुन्हा खाली टेकले, आणि आम्ही चौघंही शेडच्या दाराकडे बघत थोडा वेळ तिची वाट पाहिली.