पोती आत नकोत

ऐंशीच्या दशकात मी डोळ्यांच्या एका फिरत्या पथकात चष्मे द्यायचं काम करत होते. पथक म्हणजे एक जीप, तिच्या मागच्या हुकाला जोडलेली चाकांवरची खोली, ड्रायव्हरभाऊ आणि मी. खोलीत माझी झोपायची फळी, स्टोव्ह आणि चष्म्यांच्या पेट्या. गडचिरोलीच्या आतल्या गावांत तीच माझं घर होती, आणि घराच्या बाबतीत मी भारी खडूस होते. राग तर नाकावरच असायचा.

त्या भागात गावातून निघताना पाहुण्याला रिकामं जाऊ देत नाहीत. कोणी तांदूळ आणायचं, कोणी लाखोळीची डाळ, कोणी कोहळा. नाही म्हटलं तर बायांची तोंडं उतरायची. मी सगळं घ्यायचे आणि जीपच्या मागच्या भागात टाकायला सांगायचे. खोलीत नाही. पोत्यांबरोबर सोंडे येतात, उंदीर येतात.

उन्हाळ्याच्या तोंडाशी बाजारात एका म्हाताऱ्या मासेमाराचा निरोप आला. हिवाळ्यात त्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, पण जाड भिंगाच्या चष्म्याशिवाय त्याला सगळं धुक्यासारखं होतं. ‘परवा तलावात जाळं पडते. चष्मा घेऊन याजा, बाई.’ गावाची रीत अशी, की जाळ्याच्या दोराला ज्याचा हात लागेल त्यालाच मासळीचा वाटा. आंधळ्यागत माणसाला तलावाच्या घसरत्या पाळीवर कोण उभं करणार? मी निरोप्याला सांगितलं, परवा सकाळीच पोहोचते.

त्या दिवशी सकाळी निघालो आणि पहिल्याच धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, खालून खर्रर्र आवाज आला. खोली उभी करताना तिच्या पुढच्या दांड्याला टेकू द्यायला एक जॅक असतो. चालताना तो फिरवून वर घ्यायचा. त्याचा पाय जमिनीला घासत होता.

“जॅक वर घ्यायला विसरलात, भाऊ!” मी म्हटलं.

भाऊ खाली वाकले. “पुरा वर आहे, बाई. पोत्याच्या वजनानं जीपच बसून राह्यली मांगून. हूक खाली गेला, खोलीनं नाक टेकवलं. पोते आत ठेवू द्या नं, चाकाच्या बरोबर वर.”

“आत नाही. तुमचा हूकच खाली बसवलेला आहे.”

 भाऊंनी खोली सोडवली, हुकाची पट्टी काढून उलटी बसवली, बोल्ट आवळले. चार बोटं उंची मिळाली. मी मनातल्या मनात जिंकले. पुढच्या गावात चष्मे वाटले आणि निघताना आणखी दोन पोती, एक कोहळा आला. मिळालेली चार बोटं तिथंच संपली. नाल्याच्या उतारावर जॅकचा पाय असा रुतला, की जीप पुढं जाईना आणि मागंही येईना.

भाऊंनी काडी मोडून अंतर मोजलं. मग माझ्याकडे न बघता सगळी पोती वाळूत उतरवली आणि काडी पुन्हा लावली. हूक वीतभर वर आला होता. त्यांनी ती काडी फक्त माझ्या हातात दिली. मी चोर सोडून संन्याशाला फाशी देत होते, हे मला तेव्हाच कळलं होतं. तरी हट्ट काही सुटला नाही. रुतलेला पाय उकरून काढला आणि पोती मी पुन्हा जीपमध्येच भरायला लावली. त्यानंतर प्रत्येक धुऱ्यावर उतरून फावड्यानं माती सारत गेलो.

तलावावर पोहोचलो तेव्हा ऊन कललं होतं. वरातीमागून घोडे. जाळं बाहेर येऊन वाळत पडलं होतं, मासळी वाटून झाली होती. म्हातारा पाळीवर एकटाच बसला होता. मी त्याच्या कानांमागं चष्म्याच्या काड्या नीट बसवल्या. त्यानं पाण्याकडं पाहिलं, मग आपल्या हातांकडं, मग बराच वेळ आमच्या जीपकडं.

“बाई, तुमच्या खोलीचा पाय मातीले लागून राह्यला. मांगचं वजन आत काऊन नाई ठेवलं?”

भाऊ दुसरीकडं बघू लागले. मला लाज वाटली. मी जीपमधून तांदळाचं एक पोतं ओढलं आणि त्याच्यापुढं ठेवलं.

त्यानं ते हळूच माझ्याकडं सरकवलं. “तांदूळ आहे घरी, बाई. वाटाबी कोनी देईल थोडासा. मले जाळ्यात उडनारी मासोळी पाह्यची होती. तीन वर्सं झाले, नुसता आवाज आयकतो.”

पुढचं जाळं पुढच्या उन्हाळ्यात पडणार होतं. मी खोलीचं दार उघडलं आणि भाऊंना म्हटलं, पोती आत घ्या.