पलीकडचा कठडा

दहिसर नदीवरच्या जुन्या दगडी पुलाला लागूनच माझा बसस्टॉप होता. नदी आपली म्हणायची. कमानींखाली तबेल्यांचं शेण आणि साबणाचा फेस तुंबलेला. गिरण्यांचा संप मोडून काही वर्षं झाली होती. रोज सकाळी गिरणीतलाच खाकी शर्ट घातलेले एक गृहस्थ तिथे यायचे. घरच्या पूजेचं निर्माल्य कठड्यावरून सोडायचे, हात जोडायचे आणि गाड्या चुकवत रस्ता ओलांडून पलीकडच्या कठड्याशी जायचे. फुलं कमानीतून बाहेर येतात का, ते वाकून बघायचे. ती कधीच यायची नाहीत.

एकदा मी वैतागून म्हटलं, "काका, ह्या गटारात काय वाहणार?"

"घरकारीण रोज इचारता, फुलां गेली? मी सांगतंय, गेली."

मग बरेच दिवस ते दिसले नाहीत. आले तेव्हा डोकं भादरलेलं होतं आणि हातात लाल फडक्याने तोंड बांधलेलं मडकं होतं. आत काय आहे ते मला विचारावं लागलं नाही.

"काका, इथे नको हो. गावच्या नदीत सोडा."

"तिनाच सांगल्यान," ते म्हणाले. "माझी फुलां गेली, थंयच माका सोडा."

त्यांनी मडकं सोडलं, हात जोडले आणि रस्ता ओलांडला. माझी बस आली, मी गेलो.

संध्याकाळी परतलो, तेव्हाही ते पलीकडच्या कठड्यावर वाकलेलेच होते.