उघड्या डोकीनं चालत नाही

ओरत्तनाडूहून तंजावरची बस सुटली आणि मला हसू फुटलं. शेजारी नातीचं तोंड एवढंसं, आणि मी म्हातारी फिदीफिदी हसते.

"अज्जी, लोक बघतात गं."

"बघू देत. त्यांनी पण तिकीट काढलंय."

आम्ही इकडचे मराठी. तंजावरच्या मराठी राजांच्या काळात कधीतरी आलो आणि राहिलो. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. लिहायवाचायला मी शिकले नाही, म्हणून हे आपलं तोंडानं सांगते.

सुमती, माझी नात, तंजावरला कंप्युटरच्या क्लासात जाते. तिथं तिला एक सर्दार मुलगा भेटला, गुरप्रीत. त्याचा बाप भात कापायची ती मोठाली यंत्रं घेऊन पंजाबातून आला, सुट्या भागांचं दुकान टाकलं आणि इथलाच झाला. सुमती म्हणाली, लग्न करीन तर याच्याशीच. घरात कुणी जेवेना, चुलीवर भात शिजायचा आणि तसाच राहायचा. शेवटी माझा मुलगा रामू म्हणाला, "आई, त्यांनी गुरुद्वारात बोलावलंय. तू बघून ये. तू हो म्हणशील तर हो, नाही तर नाही."

जन्मात मला कुणी असं विचारलं नव्हतं. त्याचंच हसू असणार.

बाहेर भात पोटरीला आलेलं, कालवा काठोकाठ, वारा कसा तोंडात शिरत होता. कंडक्टर ओरडला, "पाटी (आजी), डोकं आत!" मी आत घेतलं, तो पुढं गेला, परत बाहेर काढलं.

माझा नवरा गेला तेव्हा रामू पोटात होता. डोकं भादरलं, डोकीवरून पदर आला, तो आजपर्यंत आहे. जावांच्या घरी दळलं, कांडलं, त्यांची पोरं न्हाऊमाखू घातली. रडायला सवड नव्हती, तेव्हा रडले नाही. आमच्यात सवाशिणींची डोकी उघडी, वेणीत फुलं. पदर फक्त माझ्यासारखीचा. मंगलकार्यात आम्ही समोर यायचं नाही. रामूच्या लग्नात मी कोठीघरात भाजी चिरत होते. माळ पडली ते वाजंत्र्यांचा आवाज चढला तेव्हा कळलं. असो.

तंजावरला ऑटोवाल्याला "सर्दार लोकांचं देऊळ" म्हटलं. त्यानं नेऊन सोडलं ते गुरप्रीतच्या बापाच्या दुकानापाशी! कुलूप लावलेलं, पायरीवर काळं तेल. माझा पाय सरकला, मी बदकन बसले आणि बसल्या बसल्या अशी हसले की सुमती पण शेवटी हसली.

विचारत विचारत शेवटी पोचलो. गुरुद्वारा म्हणजे भाताची जुनी वखार, चुना लावून पांढरी केलेली. दारात उंच खांब, त्याला भगवं कापड गुंडाळलेलं. गुरप्रीतचा बाप, दाढी छातीपर्यंत, तमिळमध्ये ओरडला, "वांगो पाटी, वांगो!" (या आजी, या!) ती दाढी आणि ते तमिळ! मी पदर तोंडात कोंबला.

चपला काढल्या, पाय धुतले. गुरप्रीतची आई पुढं आली, गोरीपान, घाम पुसत. तिनं सुमतीच्या गालाला हात लावला आणि हलकेच तिचा पदर उचलून डोकीवर घातला. फुलांवरून.

मी झडप घालून तो पदर खाली ओढला. "लग्न व्हायचंय पोरीचं अजून! हे काय अभद्र!"

मराठी तिथं कुणाला येत होतं? पण माझा हात सगळ्यांना कळला. सुमती पांढरी पडली. एवढ्यात सगळं मोडलं असं तिच्या तोंडावर दिसत होतं.

तिनं चाचरत तमिळमधून माझं बोलणं सांगितलं, तशी गुरप्रीतची आई तमिळमधून म्हणाली, "अम्मा, इथं उघड्या डोकीनं चालत नाही. माझं लग्न लागलं तेव्हा माझंही झाकलेलं होतं. ह्यांचंही. गुरूसमोर जायचं म्हणजे मान ठेवायचा, एवढंच."

मग मी खोलीत नीट बघितलं. पगडीवाले यंत्रांचे ड्रायव्हर, हातभर चुड्यातली नवी नवरी, बापाच्या मांडीवरचं तान्हं, असकी (सगळी) डोकी झाकलेली. समोर मूर्ती नाही, चांदव्याखाली एक मोठं पुस्तक, आणि एक जण त्याला चवरीनं वारा घालतोय, जसा आपण उकाड्यात पाहुण्याला घालतो. पुस्तक उंचावर, माणसं खाली. आम्ही सरस्वतीपूजेला पुस्तकं मांडतो, ती एक दिवस. इथं रोज.

इतक्यात गुरप्रीतच्या आजीनं मला हाताला धरून आपल्याजवळ बसवलं. पंजाबीत काही विचारलं. तिची सून, गुरप्रीतची आई, हसून तमिळमधून सांगते, "त्या म्हणतात, आजोबांना का नाही आणलंत?"

माझ्याकडे बघून तिला कळलंच नव्हतं! इतकी वर्षं जे लांबून दिसायचं, बघून लोक रस्ता बदलायचे, ते तिथं दिसतच नव्हतं. ती स्वतः कोण, सवाशीण की माझ्यासारखी, हे तरी मला कुठं कळत होतं? मला पुन्हा हसू आलं, पण ते जरा ओलं होतं.

"ते गेले," मी म्हटलं. मग जे विचारायला आले होते ते विचारलं. "तुमच्यात लग्नात माझ्यासारखी बाई कुठं बसते?"

गुरप्रीतच्या आईला प्रश्नच कळेना. "कुठं म्हणजे? खाली. सगळे खालीच बसतात. तुम्ही मुलीच्या मागं बसा, अगदी जवळ."

मी उठले आणि सुमतीचा पदर माझ्या हातानं तिच्या डोकीवर घातला. फुलं चुरगळू नयेत म्हणून जरा सैल. ती माझ्याकडे बघत राहिली. "बघतेस काय? नमस्कार कर."

प्रसाद ओंजळीत घ्यायचा, एका हातानं नाही. कणकेचा शिरा, तूप कोपरापर्यंत ओघळलं. मग पंगतीत ड्रायव्हर, झाडूवाली, मी, सुमती, एकाच ओळीत. डाळ छान. रोटी चावता चावता मात्र जबडा दुखला. एका सर्दारानं माझ्यासाठी कुठून तरी भात आणला आणि म्हणाला, "आम्हीच कापलाय, पाटी!"

परत येताना उन्हं कललेली. सुमती माझ्या खांद्यावर झोपली. मला वाटत होतं, माझ्या डोकीवरच्या कापडाचा दोष कधीच नव्हता. कापड तेच. कुणाच्या घरात आहोत, त्यावर त्याचा अर्थ.

रामू फाटकातच उभा. "काय गं आई? काय ठरलं?"

"मला एक लुगडं घे," मी म्हटलं. "चांगलं, जरीकाठाचं. लग्नात पुढं बसायचंय."