नऊ नंबरची ऊब

जुलैतली सकाळ. आठलाच लंडनचं आभाळ तव्यासारखं तापलेलं. टॅनर्स लेन स्टेशनखाली, जुन्या लिफ्टच्या बंद बोळात व्हर्नन गिटन्स भिंतीत बसवलेल्या उष्णतामापकांचे आकडे वहीत टिपत होता. एक नंबर, सव्वीस. दोन नंबर, साडेसव्वीस.

डब्यांना गार हवा द्यायची तर डब्यातून उपसलेली ऊब टाकायची कुठं? बोगद्यातच. आणि बोगदा तर आधीच भट्टी. भोवतालची चिकणमाती शंभर वर्षं ब्रेकांची नि माणसांच्या अंगाची ऊब पीत आली. आता तिचं पोट भरलेलं. म्हणून आधी बोगदा निववायचा, मग डबे. गार पाण्याच्या नळ्यांचं यंत्र एकच आलं होतं. अठ्ठावीसच्या वर एक जरी आकडा गेला तर ते ही भिंत पाडून इथं बसणार, नाहीतर पुढच्या स्टेशनात. निकाल आज बाराला.

नऊ नंबरपाशी व्हर्नन थांबला. भिंतीपलीकडून गाडी गेली, फटीतून ऊन श्वास आला. त्या श्वासाला बे रमचा वास होता. डोकं उतरावं म्हणून बाप कपाळाला चोळायचा, ते औषधी पाणी.

बाप, एझ्रा गिटन्स, बार्बाडोसहून आलेला, याच मार्गावर गार्ड. शहात्तरच्या उन्हाळ्यात या बोळात भिंतीला पाठ टेकून बसला, तो उठलाच नाही. व्हर्नन तेव्हा आठ वर्षांचा. मर्तिकाला आलेला एक म्हातारा गार्ड म्हणाला होता, "रडू नको पोरा. बोगद्याची चिकणमाती घेतलेली ऊब सोडत नाही." बिचारा समजूत काढायला बोलला. पोरानं ते गाठीला बांधलं.

व्हर्ननने भिंतीला तळवा लावला. झोपलेल्या माणसाची पाठ असावी तशी ऊन. "पप्पा," तो पुटपुटला, "आहात ना?" मापकावर एकोणतीस पॉइंट चार. वहीत त्यानं लिहिलं, सत्तावीस. तीन वर्षं हेच चाललं होतं.

खांद्यावरचा वायरलेस खरखरला. स्टेशन सांभाळणारी नोरीन. "व्हर्न, कुठं मेलास? फलाटावर बाई पडलीय. पाणी घेऊन ये!"

बाई साठीची, दवाखान्यातल्या लाद्या पुसून घरी निघालेली. "पाठ धर तिची," नोरीन म्हणाली. व्हर्ननने हात लावला. ओल्या झग्यातून तीच ऊब. तीच! फक्त ही पाठ वरखाली होत होती.

"डब्यात हवाच नव्हती रे बाळा," बाई म्हणाली. "सगळ्यांदेखत पडले. लाज गेली."

"लाज कसली? परवा सहा फुटी पोलीस आडवा झाला, भोकाड पसरून. तुम्ही तरी डौलात पडलात." बाई हसली, तशी नोरीन व्हर्ननकडे वळली. "महिन्यातली ही अकरावी. ते तुझं गारेगार यंत्र येतंय ना?"

"आकडे बसत नाहीत गं."

"माझा इथं उकडून बटाटा झालाय, आन् तुझ्या आकड्यांना थंडी वाजतीय होय रे?"

व्हर्ननचा हात अजून बाईच्या पाठीवर होता. त्याला तो काढवेना. "सोड आता, बाळा," बाईच म्हणाली. "बरी आहे मी."

तो परत बोळात गेला. नऊ नंबरपाशी बे रमचा वास दाटून राहिला होता. गाडी नव्हती, तरी श्वास आला.

"पप्पा, फलाटावर एक बाई पडली. मी पाठ धरली तिची." त्यानं भिंतीला तळवा लावला. "तुमची कुणी धरली नव्हती ना?"

तो भिंतीला पाठ लावून उभा राहिला. पलीकडून कुणी टेकल्यासारखं वाटलं, मणक्याला मणका लागला. तो हलला नाही. बाराला वीस मिनिटं उरली तेव्हा त्यानं सत्तावीसवर काट मारली, खरा आकडा लिहिला, आणि खाली: मागचे आकडे मी मुद्दाम कमी लिहिले. सही केली. मग भिंतीवरचा फोन उचलून कचेरीला दोन्ही वाचून दाखवलं.

"परत सांगा," पलीकडची मुलगी म्हणाली.

त्यानं परत सांगितलं.

तिनं ते लिहून घेतलं. मग म्हणाली, "तुमच्याबद्दल साहेब काय ते ठरवतील. यंत्र तिकडंच येईल. सोमवारी माणसं येतील भिंत पाडायला."

"येऊ द्या," व्हर्नन म्हणाला. फोन ठेवला. दहा आणि अकरा नंबरचे मापक राहिले होते. खिशातलं फडकं काढून तो दहाच्या काचेवरची काळी धूळ पुसायला लागला.