हिंदुरावाचा तिसरा गिअर

हिंदुरावाच्या गाडीला कागदोपत्री एसयूव्ही म्हणतात. इंदापूर-बारामती रस्त्यावर, सीटमागं भाडं घेऊन माणसं नेते म्हणून, तिला वडाप म्हणतात, आणि गेल्या दिवाळीपासून लोक तिला भुंगा म्हणायला लागले होते. गाडी अजून नजरेस पडायची असायची आणि थांब्यावरची माणसं म्हणायची, "आला बघा भुंगा." आला म्हणून कुणी उठायचं मात्र नाही. एसटीची वाट बघत बसायचे. आवाजानं डोकं उठतं म्हणायचे, आणि त्यात त्यांचं काही चुकत नव्हतं.

खरं सांगायचं तर हिंदुरावाचंही डोकं उठलं होतं. साठी ओलांडलेला माणूस, कंबर धरलेली, डोळ्यांना उन्हाचा त्रास. रोज उठून काचा पुसायच्या, स्टँडच्या बाहेर उभं राहून "बारामती, बारामती" म्हणून घसा कोरडा करायचा, चार माणसं घेऊन निघायचं आणि तेवढीच घेऊन परत यायचं. वीट आला होता त्याला. पण गाडी बंद करतो म्हणायची सोय नव्हती, कारण घरी मालनबाई होती.

मालनबाई म्हणजे त्याची बायको आणि वडापची अर्धी मालकीण. धंदा सुरू केला तेव्हा बायामाणसं ड्रायव्हरच्या शेजारी बसायला कचरायची आणि पुढची सीट मोकळी जायची. मग एक दिवस मालनबाईच मध्ये, गिअरच्या दांड्यापाशी येऊन बसली. पुढं एक बाई दिसली की बाकीच्या बिनघोर चढू लागल्या. तेव्हापासून हाळी तीच द्यायची, कॉलेजच्या पोरींना "सरका की जरा" म्हणून तीच दटावायची. अशी कितीतरी वर्षं गेली. दोन वर्षांपूर्वी तिचा उजवा गुडघा पार कामातून गेला आणि गाडीची पायरी चढवेना. तेव्हापासून ती घरात खुर्चीवर बसून वडाप चालवायची, म्हणजे हिंदुरावाला चालवायची. "मी बसले म्हून काय झालं, गाडी बसली न्हाय पायजे," हे तिचं रोजचं वाक्य.

म्हणून त्या दिवशी गाडी बारामतीला बुद्धघोष मिस्त्रीच्या गॅरेजला नेताना हिंदुरावाच्या मनात एकच होतं. मिस्त्रीनं 'भंगारात घाल' म्हणावं. मिस्त्रीचाच शब्द म्हटल्यावर मालनबाईही काही बोलली नसती.

बुद्धघोष शाळेत त्याच्याच बाकावरचा. सगळ्या जन्माचं तेल त्याच्या नखांत गेलेलं, आणि गिअरबॉक्स म्हटलं की अलीकडं तोही कंबर धरायचा. त्यानं उभ्या गाडीचं इंजिन चालू केलं. घर्र घर्र सुरू झालं. क्लच दाबला, आवाज थांबला. क्लच सोडला, पुन्हा सुरू.

"बेअरिंग वाजतंय. सरक तिकडं, मी चालवतो."

पिंपळीच्या रस्त्यानं निघाले. पहिल्यात गाडी घरघरली, दुसऱ्यात जास्त, तिसऱ्यात तर एकमेकांचं बोलणं ऐकू येईना. मग बुद्धघोषनं दांडा मागं ओढून चौथा टाकला आणि आवाज एकदम खाली बसला. हिंदुराव दचकला. गाडी बंदच पडली असं त्याला वाटलं.

"आवाज कुठं गेला रं?"

"चौथ्यात त्या बेअरिंगवर जोर येत न्हाय. तुला म्हाईत न्हाय व्हय?"

हिंदुरावानं बाहेर बघत उसाच्या भावाचा विषय काढला.

गॅरेजवर दोघांनी मिळून गिअरबॉक्स उतरवला. उतरवता उतरवता दोघांनी आपापल्या कमरेला आणि एकमेकांना शिव्या घातल्या. तेल काढलं, त्यात पितळेची चमकी चमचमत होती. उघडून बघितलं तर बेअरिंगच्या गोळ्यांना खड्डे पडलेले आणि तिसऱ्या गिअरचे दात झिजून पार गेलेले. चौथा टाकताना घासते ती पितळी रिंग मात्र काल बसवल्यासारखी होती. बुद्धघोषनं ती फडक्यानं पुसली, उजेडात धरली आणि चष्म्यावरून हिंदुरावाकडं बघितलं.

"सगळा जलम तिसऱ्यात काढलास का रं तू?"

हिंदुराव टायरवर बसला. हे कधी कुणाला सांगायची वेळ आली नव्हती.

"दुसराबी मागं येतो, पर घडीभरच; चौथा टाकला की दांडा वाटभर मागंच न्हवं. आन दांड्याला लागूनच मालन बसलेली. दांड्याला हात घातला की बिचारी अंग चोरायची, गुडघं वढून पार तिरकी व्हायची. मला वाटायचं, दांडा लागतोय हिला. लोकांच्या देखत बोलणार कशी? मग म्या चौथा टाकणंच सोडलं. तिसऱ्यात काय, जरा सावकाश जाते गाडी."

"आन आता दोन वर्सं ती न्हाय बसत, तर?"

"हाताला सवयच न्हाय आता." मग त्यानं धीर करून विचारलं, "मग, घालायची का भंगारात?"

"खुळा हायस का? बेअरिंगं आन तिसरा गिअर बदलतो. अजून धा वर्सं मरत न्हाय ही."

हिंदुरावाला हुंदका यायचाच बाकी राहिला. धा वर्सं!

दोन दिवसांनी गाडी घेऊन तो इंदापूरला निघाला. मोकळा रस्ता लागल्यावर त्यानं चौथा टाकला. गाडी इतकी गप चालली की त्याला चुकल्याचुकल्यासारखं झालं. शेजारच्या मोकळ्या सीटकडं त्यानं दोनदा बघितलं.

घरी मालनबाई खुर्चीवर पाय लांब करून, गुडघ्याला तेल चोळत बसली होती. आता गाडी चालूच राहणार, तर निदान बायकोच्या तोंडून एखादा गोड शब्द तरी ऐकावा, असं हिंदुरावाला वाटलं. हातपाय धुऊन तो तिच्यासमोर बसला.

"गिअरबॉक्स कशानं गेला, म्हाईत हाय? तुझ्यापायी. तुला दांडा लागू न्हाय म्हून म्या कवा चौथा टाकलाच न्हाय."

मालनबाईचा हात गुडघ्यावरच थांबला.

"काय म्हणताय?"

"तू अंग चोरून बसायचीस की. दिसत न्हवतं व्हय मला?"

तिनं तेलाचे हात पदराला पुसले.

"अवो, म्या अंग चोरत न्हवते. तुमाला चौथा टाकाया जागा व्हावी म्हून गुडघं वढून धरायची. हितनं पार बारामतीपत्तोर. कळा निघायच्या, पण म्हटलं, दांडा माझ्या पायात आडाकला तर भर रस्त्यात गाडी कुठंतरी जायची. डाक्टरबी म्हणाला, ह्यो गुडघा वाकडा बसून बसून गेलाय. म्या म्हटलं, जाऊ दे, त्येंना कशाला सांगायचं."

"आन म्या चौथा टाकत न्हाय, ह्ये कळलं न्हाय तुला?"

"मला कुठं कळतंय गिअरातलं? मला वाटायचं, टाकत आसतील. म्हून रोज वढून धरायची."

बाहेर गाडी उभी होती, दुरुस्त होऊन, दहा वर्षांच्या तयारीनं. मग मालनबाईनं तेलाची वाटी खाली ठेवली.

"बंद करा आता गाडी," ती म्हणाली. "लई झालं."

दोन वर्षं हिंदुराव ह्याच शब्दांची वाट बघत होता. त्यानं "बरं" म्हटलं, वाटी उचलली आणि तिचा गुडघा चोळायला घेतला. वर बघायचं काही त्याच्यानं झालं नाही.